कागदाचे घर आणि वळवाचा वारा



वसंत व्याख्यानमालेत बोलावयास उभे राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टींची धास्ती असते. एक श्रोत्यांची आणि दुसरी वळवाची. श्रोते आज कृपाळू दिसत आहेत. आभाळाचे मात्र काही सांगता येत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून वैशाखाच्या संध्याकाळी लोकांना एकत्र बसवून चार विचारांच्या गोष्टी सांगण्याची चाल आपल्याकडे पडली. आणि नेमक्या याच दिवसांत दुपारभर तापलेल्या आभाळात ढग चढतात, धुळीचा लोट उठतो, आणि वक्त्याचे भाषण अर्धवट राहते. पण आमचा आजचा विषयच वारा हा असल्यामुळे, तो मध्येच आला तरी आम्ही त्यास आगंतुक म्हणणार नाही.

मघाशी आम्ही येथे आलो, तेव्हा मांडववाल्यांचे काम संपत आले होते. आम्ही थोडा वेळ ते पाहत उभे राहिलो. कापड वर चढविण्यापूर्वी त्या लोकांनी प्रत्येक खांबाला बाहेरून ताण दिला होता, आणि ताणाची मेख जमिनीत सरळ न ठोकता मांडवापासून उलट्या दिशेला कलती ठोकली होती. त्यांतील एका म्हाताऱ्या कारागिरास आम्ही विचारले, “एवढे ताण कशाला? छत तर हलके आहे.” तो म्हणाला, “साहेब, हलकं आहे म्हणूनच.” आमचे आजचे निम्मे व्याख्यान त्या गृहस्थाने दोन शब्दांत उरकले. उरलेले निम्मे आता आम्ही सांगतो.

विषय आहे प्लॅस्टिकच्या लहान हरितगृहाचा, म्हणजे ज्याला आपण सारे पॉलीहाउस म्हणतो त्याचा, आणि ते सोसाट्याच्या वाऱ्यात जागेवर कसे ठेवावे याचा. शहरातल्या श्रोत्यांपुढे हा शेतकऱ्याचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु हडपसरात शेत कोठे संपते आणि शहर कोठे सुरू होते, हे आज कोण सांगू शकेल? १८७९ साली खडकवासल्याचे धरण झाले, मुठेच्या उजव्या कालव्याचे पाणी या बाजूला आले, आणि ऊस व भाजीपाला यांनी हे शिवार हिरवे झाले. पुणेकरांच्या कित्येक पिढ्या इकडचीच भाजी खात आल्या. पुढे २००० सालाच्या सुमारास मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून तीवर स्वतःच नगर वसविले. आज तेथे उंच इमारती उभ्या आहेत. तरी मळा अजून पुरता गेलेला नाही. मांजरीच्या बाजूला, कालव्याच्या कडेला, दोन इमारतींच्या मधल्या चार-सहा गुंठ्यांत कोणी ढोबळी मिरची लावतो, कोणी जरबेरा लावतो, कोणी रोपवाटिका चालवतो. आणि ज्यांचा मळा गेला त्यांच्या मुली-सुना गच्चीवर प्लॅस्टिकची खोली उभारून पालक-मेथी पिकवितात. तेव्हा हा विषय मळ्याचाही आहे आणि गच्चीचाही आहे. आणि गच्चीखालच्या रस्त्याने जाणाऱ्याचा तर तो सर्वांत अधिक आहे. तो कसा, हे आमच्याच फजितीवरून सांगतो.

२०१७ साली आम्ही आमच्या घरामागील मोकळ्या जागेत एक लहान हरितगृह उभारले. दहा फूट रुंद, वीस फूट लांब, वर अर्धगोल कमानी. कमानी पाच, म्हणजे पाय दहा. ज्याने ते उभारून दिले तो माणूस कसबी होता. पाइप चांगले, कागद चांगला. प्लॅस्टिकच्या या पडद्याला आपल्याकडचे शेतकरी कागदच म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. पाय त्याने पहारीने भोके पाडून हातभर जमिनीत रोवले आणि माती चोपून दिली. आम्ही हलवून पाहिले, जराही हलेना. आम्ही समाधान पावलो. मे महिन्याच्या एका संध्याकाळी वळीव आला. पाऊस पडण्याआधी केवळ पाच-सात मिनिटे वारा झाला असेल. आमचे हरितगृह प्रथम फुगले, मग एका अंगाने उचलले गेले, आणि शेजारच्या कुंपणावरून पलीकडच्या रस्त्यावर जाऊन पडले. त्या जागी रोज एक भाजीवाली बाई पाटी घेऊन बसत असे. आभाळ भरून आले म्हणून ती त्या दिवशी लवकर उठून गेली होती. ती उठून गेली नसती तर आज आम्ही या विषयावर असे हसतखेळत बोलू शकलो नसतो.

दुसऱ्या दिवशी ती बाई आली. वाकडे झालेले पाइप, फाटलेला कागद तिने पाहिला, आणि आम्हांस म्हणाली, “मास्तर, घर बांधलंत खरं, पण बांधलं न्हाई.” आम्ही क्षणभर चपापलो. आयुष्यभर मराठी शिकविली, पण ‘बांधणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ असे समोरासमोर उभे राहिलेले आम्ही कधी पाहिले नव्हते. घर बांधणे म्हणजे उभारणे. आणि गाय बांधणे म्हणजे ती कोठे जाऊ नये म्हणून दाव्याने खुंट्याला जखडणे. दगडविटांच्या घराला पहिला अर्थ पुरतो, कारण त्याचे वजनच त्याचे दावे असते. कागदाच्या घराला मात्र दुसराही अर्थ लागतो. ते उभारल्यानंतर गायीसारखे बांधूनही ठेवावे लागते. आज सांगावयाचे ते एवढेच; बाकीचा सारा तपशील आहे. पण वाऱ्याची लढाई तपशिलातच जिंकली किंवा हरली जाते, म्हणून तो सांगितलाच पाहिजे.

प्रथम वारा काय करतो ते पाहू. आपली सर्वांची समजूत अशी की वारा ढकलतो, आणि कच्चे घर पडते. म्हणून आपण घराला टेकू देतो. पण हलक्या छपराच्या बाबतीत वाऱ्याचे मुख्य काम ढकलण्याचे नाही, ओढून वर उचलण्याचे आहे. तुमच्या हातांत कार्यक्रमपत्रिका आहे. तिची एक लांब पट्टी फाडा, एक टोक ओठांखाली धरा, आणि पट्टीच्या वरून जोराने फुंकर मारा. लोंबणारी पट्टी खाली न दबता वर उचलली जाते. कमानीवरून वेगाने जाणारा वारा छपरावर अशीच ओढ घालतो. आता त्याच वेळी दार उघडे असेल, किंवा एका बाजूचा पडदा वर गुंडाळलेला असेल, तर वारा आत शिरतो आणि आतूनही छपराला वर रेटतो. बाहेरून ओढ आणि आतून रेटा, अशी दुहेरी कात्री लागते. पावसात वाऱ्याकडे तोंड करून धरलेली छत्री ज्याची उलटी झाली आहे, त्याला हे अधिक समजावून सांगावयास नको.

ही ओढ किती असते? इंजिनिअर लोकांचा एक सोपा हिशेब आहे. वाऱ्याचा सेकंदाला मीटरमध्ये जो वेग असेल त्याचा वर्ग करावा आणि त्याला ०.६ ने गुणावे. दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. त्याला सुमारे दहाने भागले की आपल्या ओळखीचे किलो येतात. ताशी ३६ किलोमीटरचा वारा, म्हणजे सायकल चालविणे कठीण करणारा वारा, दर चौरस मीटरला सुमारे ६ किलो भार घालतो. ताशी ७२ किलोमीटरचा वारा घातला तर भार दुप्पट होत नाही. तो चौपट, म्हणजे सुमारे २४ किलो होतो. आणि आपल्या देशाच्या प्रमाणित नियमांत पुण्यासाठी इमारतीच्या हिशेबाला जो मूळ वेग धरावयास सांगितला आहे, तो सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर आहे. त्या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे ९३ किलो भार येतो. वर्गाचे हे गणित शाळेत आपण रुक्ष म्हणून सोडून दिले, पण वाऱ्याने ते सोडलेले नाही. वेग दुप्पट, भार चौपट. वेग तिप्पट, भार नऊपट. “गेल्या वर्षीच्या वाऱ्यात टिकले, यंदाही टिकेल,” असे म्हणणारा माणूस येथेच फसतो.

आता आमच्या त्या घराचा हिशेब करू. दहा फूट गुणिले वीस फूट, म्हणजे सुमारे साडेअठरा चौरस मीटर जमीन झाकली गेली होती. छपराच्या आकारामुळे ओढ कमीजास्त होते, पण ढोबळ मानाने ती दाबाइतकी धरली, तर ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यात छपरावर साडेचार क्विंटल ओढ आली. म्हणजे सिमेंटची नऊ पोती कोणी वरच्या दिशेने ओढावीत, तशी. आणि आमच्या साऱ्या घराचे वजन, पाइप आणि कागद मिळून, एक क्विंटलच्या आतबाहेर. उरलेले साडेतीन क्विंटल कोणी धरावयाचे? आम्ही चोपलेल्या मातीने. ती मातीही कोणती, तर काळी. आणि महिना मे. काळी जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते, हे येथील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. वैशाखात ती भेगाळते. पावसाळ्यानंतर घट्ट बसलेली खुंटी वैशाखात तिच्या भोवतीच्या भेगेत सैल उभी असते, आणि वळीव नेमका तेव्हाच येतो. आम्ही पाय हलवून पाहिले होते ते माघ महिन्यात, जमिनीत ओल असताना. परीक्षा मात्र वैशाखात झाली.

म्हणून पहिला नियम पायाचा. लहान हरितगृहाच्या प्रत्येक पायाखाली फूटभर व्यासाचा आणि दोन फूट खोल खड्डा घ्यावा, तळाशी तो थोडा रुंद करावा, आणि त्यात काँक्रीट ओतून पाइप बसवावा. एवढ्या काँक्रीटचे वजन सुमारे एक क्विंटल भरते. दहा पायांचे दहा क्विंटल झाले. घराचे स्वतःचे वजन धरून अकरा. पुण्याच्या ३९ मीटरच्या हिशेबाने आमच्या घरावर सतरा क्विंटलांची ओढ येते. उरलेला भार ओतीव खांबाला भोवतालून धरून बसलेली माती पेलते, आणि तळ रुंद असेल तर ती अधिकच पेलते. वरचा भुसभुशीत थर सोडून खाली मुरूम लागेपर्यंत जाता आले तर उत्तम. पाइप काँक्रीटमध्ये घालण्यापूर्वी त्याच्या खालच्या टोकाजवळ आरपार भोक पाडून एक लोखंडी सळईचा तुकडा आडवा घालावा. ही गोष्ट चार आण्यांची वाटते, पण तिच्यावाचून गुळगुळीत पाइप काँक्रीटमधून काडीसारखा सरळ वर निघतो. काँक्रीट जमिनीत राहते आणि घर आकाशात जाते.

हे आम्ही पुस्तकातले सांगत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ दुपारी रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्याला लागले. किनाऱ्यावर त्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. सह्याद्री ओलांडून पुणे जिल्ह्यात येईतो त्याचा जोर उतरला होता, तरी मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागांत पॉलीहाउसांची फार नासाडी झाली. तळेगावच्या बाजूचे गुलाबाचे शेतकरी त्या वर्षी आधीच नाडलेले होते. मार्चपासूनच्या टाळेबंदीत लग्ने नाहीत, समारंभ नाहीत, म्हणून त्यांनी फुले तोडून टाकून दिली होती. त्यावर जूनमध्ये हा घाव. बँकेचे कर्ज कागदाप्रमाणे उडून जात नाही. ते जागेवर राहते. आम्ही त्यानंतर तिकडे काही ठिकाणी हिंडलो, तेव्हा तीन प्रकारची घरे पाहिली. काहींचे पाय काँक्रीटसकट उपटलेले होते. काहींचे काँक्रीट जमिनीत शाबूत आणि पाइप निघून गेलेले. आणि काहींचा सांगाडा जसाच्या तसा उभा, फक्त कागदाच्या चिंध्या फडफडत होत्या. ही तिसऱ्या प्रकारची घरे महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा उभी राहू शकत होती. पहिली दोन पुन्हा उभी करावयाची म्हणजे नवे कर्ज.

यातून दुसरा नियम निघतो. कागद हा वस्त्र आहे आणि सांगाडा हा देह आहे. वेळ आली तर वस्त्र जाऊ द्यावे, देह राखावा. वादळ अनावर झाले आणि घर पायांतून हलू लागले, तर अनुभवी शेतकरी बाहेरून लांब काठीला विळा बांधून कागद फाडतो. वाऱ्याला वाट मिळते आणि सांगाडा वाचतो. कागद आपल्या हाताने फाडावयाचा म्हणजे मन धजत नाही, पण तो तसाही सुमारे तीन वर्षांत उन्हाने जीर्ण होऊन बदलावाच लागतो. एक मात्र लक्षात ठेवावे. हे काम वादळाच्या आरंभी आणि बाहेर उभे राहूनच करावयाचे. विजा चमकत असताना लोखंडी सांगाड्याजवळ जाऊ नये, आणि फुगलेल्या घराच्या आत तर कोणीही पाऊल टाकू नये. मिरचीचे रोप पुन्हा लावता येते.

वस्त्र म्हटले म्हणून ते कसेही गुंडाळावे असे नाही. कागद सैल असला तर वाऱ्यात फडफडतो, आणि फडफडणारा कागद एका फटक्याने फाटत नसून हजार फटक्यांनी फाटतो. म्हणून तो ताणून बसवावा. कडाक्याच्या थंडीत बसविला तर उन्हाळ्यात सैल पडतो. भर दुपारच्या उन्हात ओढून बसविला तर रात्री आखडून ताण घेतो. निवांत वाऱ्याची सकाळ, आठ-नऊचा सुमार, ही त्याची वेळ. कडेने तो नुसता दोरीने बांधू नये. अॅल्युमिनियमच्या पन्हळीत घालून वर नागमोडी स्प्रिंग दाबावी, म्हणजे सगळ्या कडेवर भार सारखा वाटला जातो. खिळा किंवा तार एका बिंदूला धरते, आणि फाटणे नेहमी त्या बिंदूपासून सुरू होते. पाइप जेथे कागदाला टेकतो तेथे उन्हाने तापून तो कागदाला भाजतो, म्हणून तेवढ्या भागाला पांढरा रंग द्यावा. फार लहान बोगद्यासारखे घर असेल तर कागदाच्या दोन्ही कडा फूटभर खोल चरात पुरून माती चोपावी, आणि कमानींच्या मधोमध कागदावरून रुंद पट्टीचे ताण या बाजूकडून त्या बाजूला घ्यावेत. बारीक दोरी घेऊ नये; ती कागदाला सुरीसारखी कापते.

सांगाड्यालाही एक बांधणी लागते. कमानी एकापाठोपाठ एक उभ्या असतात. वारा लांबीच्या टोकाकडून आला तर त्या रांगेने उभ्या केलेल्या पत्त्यांप्रमाणे एकमेकींवर पडतात. म्हणून चारही कोपऱ्यांच्या गाळ्यांत तिरपे पाइप घालावेत. चौकोन कितीही जाड केला तरी कलंडतो. त्रिकोण कलंडत नाही. ही भूमिती आपल्या सुताराला माहीत असते, फक्त आपण पैसे वाचविण्यासाठी तिरपे पाइप गाळावयास सांगतो. आम्हीही तेच केले होते.

आता दार आणि पडद्यांचा प्रश्न. वादळ येत असताना उघडे ठेवावे की बंद, यावर आमच्या ओळखीच्या शेतकऱ्यांत फार वाद होतो. आमचे उत्तर असे. घराला कागद आहे तोवर ते पूर्ण बंद करावे. चारही बाजूंचे पडदे खाली, त्यांच्या कडा जमिनीला बांधलेल्या, दार कडी घालून बंद. सर्वांत वाईट अवस्था अर्धवट उघड्याची. एक बाजू उघडी आणि समोरची बंद असली की ते घर राहत नाही, शीड होते. छपरावर हवेसाठी जी खिडकी ठेवतात तिचे तोंड पावसाळी वाऱ्याच्या उलट, म्हणजे पुण्यात पूर्वेकडे असावे, हे बरोबरच आहे. पण वळवाचा वारा दिशा पाळत नाही, तेव्हा त्या खिडकीलाही बंद करता येईल असा पडदा असावा.

परंतु घरात बसून वाऱ्याशी लढण्यापेक्षा त्याला वाटेतच थकवावे हे शहाणपणाचे. आपले जुने बागाईतदार केळीच्या बागेभोवती शेवरी दाट लावीत, ते काही शोभेसाठी नव्हे. आम्हांस प्रथम वाटले, शेवरीपेक्षा विटांची भिंत बरी. अनुभव उलटा आहे. पक्की भिंत वाऱ्याला अडविते, पण तो तिच्यावरून उडी घेऊन पलीकडे गिरक्या घेत खाली आदळतो. झाडांची रांग, किंवा निम्मी सावली देणारी शेडनेटची जाळी, निम्मा वारा गाळून पुढे सोडते आणि त्याचा जोर मोडते. अशा रांगेच्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत तिचा आडोसा पोहोचतो. दहा फुटी शेवरी किंवा हत्तीगवत पश्चिम व नैर्ऋत्य बाजूस लावले, तर त्यामागची बरीच जागा निवाऱ्यात येते. शेवगा मात्र हरितगृहाजवळ लावू नये. शेंगा चांगल्या, पण फांदी ठिसूळ. वारा आला की तीच कागदावर पडते.

हडपसरच्या लोकांना येथे एक नवी अडचण आहे, जी आपल्या आजोबांना नव्हती. उंच इमारती वाऱ्याला अडवितात असे वाटते. पण दोन इमारतींच्या मधल्या फटीत वारा कोंडून अधिक वेगाने धावतो. नदी अरुंद खिंडीत धावते तशी. आपली चार गुंठे जागा अशा खिंडीच्या तोंडाशी असेल, तर शेजारच्या मळ्यात जे टिकले ते आपल्याकडे टिकेल असे धरू नये. एका वर्षाचा वारा पाहावा, काठीला फडके बांधून त्याची चाल ओळखावी, आणि मगच जागा ठरवावी.

आणि गच्ची. येथे आमचा आवाज थोडा कडक होईल, त्याबद्दल भगिनींनी क्षमा करावी. गच्चीवर खड्डा घेता येत नाही, आणि फरशीत भोके पाडली तर पावसाळ्यात खालच्या बिऱ्हाडात पाणी ठिबकते. तेव्हा तेथे वजनाचा आधार घ्यावा लागतो. वाळूची पोती, पाण्याने भरलेले पिंप, मातीने भरलेल्या मोठ्या कुंड्या, आणि या सर्वांना सांगाड्याचे पाय घट्ट बांधलेले. नुसती शेजारी ठेवलेली कुंडी काही धरीत नाही. परंतु वजनही किती टाकणार? माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी दर चौरस मीटरला सुमारे दीडशे किलोचा हिशेब धरलेला असतो. म्हणून वजन एका जागी न साठविता तुळयांवर, कडेकडेने वाटावे, आणि इंजिनिअरला एकदा विचारावे. आणि उंचीवर वारा जमिनीपेक्षा जोराचा असतो. म्हणून आमची सूचना अशी की गच्चीवरचे घर लहान ठेवावे, आणि चैत्र संपताना त्याचा कागद उतरवून घडी करून ठेवावा. वैशाखात पालकाला तसेही प्लॅस्टिक नको, सावलीच हवी. दसऱ्यानंतर पुन्हा चढवावा. पाचव्या मजल्यावरून सुटलेला पाइप कोणाच्या डोक्यावर पडेल, हे त्याला बांधणाऱ्याच्या हाती नसते. तो सुटू न देणे एवढेच हाती असते.

इशारा मिळण्याच्या बाबतीत आपण पुणेकर भाग्यवान आहोत. १९२८ साली हवामान खात्याचे कार्यालय शिमल्याहून पुण्यास आले, आणि ‘शिमला ऑफिस’ हे नाव त्या चौकाला कायमचे चिकटले. शेतीच्या हवामानाचा स्वतंत्र अभ्यासही १९३२ साली येथेच डॉ. एल. ए. रामदास यांच्या हाताखाली सुरू झाला. जमिनीलगतच्या वीतभर हवेत काय घडते, याचे त्यांचे संशोधन जगभर नावाजले गेले. आज त्याच खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा आपल्या खिशातल्या फोनवर येतो. तीन तास पुष्कळ झाले. पडदे उतरविणे, दार बंद करणे, सुटी पाटी, बादली, बांबू आत घेणे, ताण एकदा हाताने चाचपणे, याला अर्धा तास लागतो. प्लॅस्टिकचे हरितगृह ही वस्तू जगात तशी नवीच आहे. अमेरिकेत केंटकी विद्यापीठातील प्राध्यापक एमर्ट यांनी १९४८ साली काचेला स्वस्त पर्याय म्हणून पहिले उभारले. काच परवडत नाही अशा माणसासाठी ते जन्मले. जे स्वस्त ते हलके, आणि जे हलके त्याला निगा अधिक. गरिबाच्या घराचा हा नियम जुनाच आहे.

आमचे घर आम्ही पुन्हा उभारले. त्याच जागी, तेवढेच, पण दहा खड्डे घेऊन. काँक्रीट ओतताना ती भाजीवाली बाई रस्त्यावरून पाहत होती. काम झाल्यावर ती आत आली, एका पाइपला दोन्ही हातांनी धरून तिने गदागदा हलविले, आणि काही न बोलता आपल्या जागेवर जाऊन पाटी मांडली. आम्ही ते प्रमाणपत्र समजलो. त्यानंतरच्या प्रत्येक वैशाखात, व्याख्यानमालेची पत्रिका घरी आली की, आम्ही एक संध्याकाळ राखून दहाही पाय हलवून पाहतो, भेगा पडल्या असतील तेथे पाणी घालून माती चोपतो, आणि सैल स्प्रिंगा दाबतो. रस्त्याच्या त्या कडेला अजून कोणी ना कोणी बसलेले असते.

 घरी गेल्यावर ज्यांच्या गच्चीवर किंवा मळ्यात कागदाचे घर असेल, त्यांनी झोपण्यापूर्वी एकदा बॅटरी घेऊन त्याचे पाय पाहावेत, एवढी विनंती आहे.